पंखावरची रेष

भाचीने पंख खिडकीशी नेला, उजेडात तिरका धरला आणि विचारलं, "मावशी, ही रेष कसली गं?" मी चष्मा वर सारून पाहिलं. दुसऱ्या महायुद्धातल्या विमानाचं १/७२ मापाचं, प्लॅस्टिकचे सुटे भाग जोडून बांधायचं जुनं किट होतं ते, आणि तिच्या हातात होती डाव्या पंखाची खालची बाजू. पत्र्यांचे सांधे दाखवणाऱ्या रेषा तिथे होत्याच, केसाएवढ्या उंच, पट्टी लावून आखल्यासारख्या. ही मात्र त्यांच्यातली नव्हती. पंखाच्या मागच्या कडेपासून निघून, दोन सांधे तिरके ओलांडून ती मध्येच विरून गेली होती. लांबी जेमतेम पेरभर. "काही नाही, खोट आहे," असं म्हणून मी ओला पॉलिश पेपर चार-सहा वेळा फिरवला. रेष गेली. भाचीने त्या जागेवरून एकदा बोट फिरवलं आणि पुढचा भाग सोडवायला घेतला.

काही महिन्यांनी त्याच किटचा दुसरा डबा उघडला. पंख चौकटीतून कापून हातात घेतला, तर अंगठा आपसूकच त्या जागी गेला.

रेष तिथेच होती.

तीच लांबी, तोच तिरकेपणा, तसंच हळूहळू विरणं. खोट प्लॅस्टिकची असती तर त्या एका पंखाबरोबर संपली असती. ही पोलादात होती. साच्याला कधीतरी एक ओरखडा गेला होता आणि तेव्हापासून त्या साच्यातून बाहेर पडलेला प्रत्येक डावा पंख तो घेऊन बाहेर पडत होता. जगभर किती टेबलांवर किती जणांनी माझ्यासारखाच पॉलिश पेपर भिजवला असेल, या विचाराने मी थोडा वेळ नुसतीच बसून राहिले. ज्याला मी "काही नाही" म्हटलं होतं, त्याच्या मागे कुणाचा तरी हात होता, हे मला कळायला हवं होतं. इतर कुणाला नसेल, पण मला तरी.

कारण माझा मामा डायमेकर, म्हणजे साचे घडवणारा कारागीर होता. खेळण्यातल्या विमानांचे साचे त्याने कधी केले नाहीत; बाटल्यांची झाकणं, टॉर्चचे सांगाडे, स्विचच्या पट्ट्या असली कामं. लहानपणी एकदा त्याच्याबरोबर टूलरूममध्ये गेले होते, तो वास अजून नाकात आहे: कटिंग ऑइलचा आंबूस, त्यात स्पार्क मशीनच्या, म्हणजे ठिणग्यांनी पोलाद कोरणाऱ्या यंत्राच्या, टाकीतल्या तेलाचा रॉकेलसारखा उग्र. मामा एका अर्ध्या साच्याला गडद निळा लेप अगदी पातळ फासत होता. मग दुसरा अर्धा त्यावर बसवायचा, उचलायचा आणि बघायचं, निळं कुठे कुठे उमटलंय. जिथे उमटलं तिथे पोलादाला पोलाद टेकलं. जिथे नाही तिथे फट. मग उंच जागा कानशीने, दगडाने चिमूटभर उतरवायची आणि पुन्हा निळं. दिवसभर तेच. दोन अर्धे सगळीकडे सारखे भेटेपर्यंत. फट काही शतांश मिलिमीटरची राहिली तरी वितळलेलं प्लॅस्टिक ती शोधून काढतं आणि भागाच्या कडेला पापुद्रा येतो. किट बांधणारे त्याला फ्लॅश म्हणतात आणि वैतागून खरवडतात. मीही आयुष्यभर खरवडत आले. पण जिथे पापुद्रा नाही, तिथे कुणीतरी दिवस घालवलेत हे मात्र दर वेळी आठवतंच असं नाही.

"आम्ही वस्तू करत नाही," मामा म्हणायचा, "वस्तूभोवतीची जागा करतो." तेव्हा ते कोड्यासारखं वाटायचं. पुढे किटं बांधू लागले तेव्हा हळूहळू उलगडलं. साचा करणाऱ्याला सगळं उलटं दिसावं लागतं. डावं उजवीकडे, उंच ते खोल, आत ते बाहेर. साच्यातून धातू काढला की भाग जाड होतो. भाग पातळ करायचा तर साच्यात धातू वाढवावा लागतो, आणि ते फार अवघड. वेल्डिंग करून भर घालायची, पुन्हा घडवायचं, आणि त्याचा डाग बहुधा दिसतोच. म्हणून जाणता कारागीर पहिल्या खेपेला पोकळी मुद्दाम किंचित लहान ठेवतो. चाचणीचे शॉट, म्हणजे साच्यातून नमुन्याचे भाग काढायचे, सुटे भाग जुळवून बघायचे, कुठे सैल बसतंय ते टिपायचं आणि तेवढंच पोलाद आणखी उतरवायचं. शिंपी शिवणीत कापड राखून ठेवतो, तसं हा पोलाद राखून ठेवतो.

माझ्या पंखावरच्या त्या उंच रेषांचं मूळही याच उलटेपणात आहे. आम्हा किटवाल्यांत उंच रेषांना फार नावं ठेवतात. खऱ्या विमानावर पत्र्यांमध्ये बारीक फट असते, म्हणजे रेष खोल हवी. उंच रेष म्हणजे जुनाट, आळशी काम, असा समज. मीही तो बाळगून होते. पण साच्याच्या बाजूने पाहा. भागावर उंच रेष हवी तर पोलादात एक ओरखडा काढला की झालं. उंच रिव्हेट हवा तर एक टिंब टोचलं की झालं. खोल रेष हवी, तर साच्यात केसाएवढा बांध उभा राहायला हवा, आणि बांध उभा ठेवायचा म्हणजे त्याच्या भोवतालचं सगळंच्या सगळं पोलाद तेवढंच खाली उतरवायचं, तेही पंखाचा बाक सांभाळून. हाताने हे करणं म्हणजे शेतात एक बांध हवा म्हणून अख्खं शेत खणून काढणं. त्या काळच्या कारागिराने उंच रेष काढली ती आळसाने नव्हे. पोलादावर थेट काढता येत होती ती त्याने काढली.

आणि काढली तरी कशी! आधी लाकडाचा किंवा तशाच घडवता येणाऱ्या पदार्थाचा मोठा नमुना, व्हायच्या किटच्या दुप्पट-तिप्पट. त्यावरून रेझिनचा उलटा ओतीव ठसा. मग पँटोग्राफ. एका बाजूला बोथट टोक त्या मोठ्या ठशावरून फिरवायचं आणि सांध्यासांध्यांच्या हातामधून तीच हालचाल लहान होत दुसऱ्या बाजूच्या फिरत्या कटरपर्यंत पोचायची, तो पोलाद खात जायचा. नमुना तिप्पट असेल तर हाताची थरथर पोलादात तिसरा हिस्सा होऊन उतरते. मला या यंत्राबद्दल फार माया आहे. माणसाचा हात कापणारच, हे धरून चाललेलं यंत्र आहे ते. कापू नये असं म्हणत नाही, कापणं लहान करून देतं.

खोल रेषा सर्रास दिसू लागल्या त्यामागे बराचसा हात स्पार्क मशीनचा. १९४३ मध्ये सोव्हिएत संघात लाझारेंको दांपत्य विद्युत स्विचांच्या संपर्कबिंदूंची झीज अभ्यासत होतं. ठिणगी उडाली की धातू कणाकणाने झडतो, ते कसं रोखावं हा प्रश्न. झीज पुरती रोखता आली नाही, पण ताब्यात ठेवून तिच्याकडूनच धातू कोरून घेता येईल हे त्यांना उमगलं. तांब्याचा किंवा ग्रॅफाइटचा इलेक्ट्रोड हव्या त्या आकाराचा घडवायचा, तेलात बुडलेल्या पोलादाजवळ न्यायचा, पण टेकवायचा नाही. मधल्या सूक्ष्म फटीतून सेकंदाला हजारो ठिणग्या उडतात आणि प्रत्येक ठिणगी कणभर पोलाद उडवते. पोलाद कितीही कडक असो. आता खोल रेष सोपी झाली: मऊ इलेक्ट्रोडवर ती खोदायची, ठिणगीने साच्यात तिचा बांध उमटतो आणि बांधातून प्लॅस्टिकवर पुन्हा खोल रेष. मामाच्या टूलरूममध्ये त्या टाकीतून बुडबुडे येत होते, आत निळसर काहीतरी लुकलुकत होतं आणि पाऊस पत्र्यावर पडावा तसा बारीक तडतड आवाज सुरू होता. मी विचारलं होतं, "दुखत असेल का त्याला?" मामा हसला नव्हता. "दुखत असतं तर आवाज मोठा आला असता," म्हणाला.

आज नमुना संगणकाच्या पडद्यावर घडतो, संग्रहालयातली विमानं लेझरने मोजली जातात, मिलिंग मशीन रात्रभर एकटं चालतं. पण ज्या निर्णयांनी साचा चांगला किंवा वाईट ठरतो ते तेच आहेत. भागाच्या उभ्या भिंती साच्यातून निघताना घासू नयेत म्हणून त्यांना किंचित उतार हवा, ज्याला ड्राफ्ट म्हणतात. एक अंश उतार म्हणजे दहा मिलिमीटर खोलीला जेमतेम ०.१७ मिलिमीटर. डोळ्याला दिसतही नाही, पण नसेल तर भाग पोलादाला मिठी मारून बसतो. किटचं प्लॅस्टिक, पॉलिस्टायरीन, निवताना साधारण अर्धा टक्का आकसतं, म्हणून वीस सेंटिमीटरच्या भागासाठी पोकळी मिलिमीटरभर मोठी. भिंत एक-दीड मिलिमीटरच्या आसपास आणि सगळीकडे सारखी हवी. कुठे जाड झाली तर तिथलं पोट उशिरा निवतं, आत ओढतं आणि वर खळगा पडतो. तोफेच्या नळीचं तोंड पोकळ हवं, बाजूला खिडकी हवी, तर दोन अर्ध्यांच्या साच्यात ते निघतच नाही. मग बाजूने सरकणारे तुकडे बसवावे लागतात, आणि प्रत्येक सरकत्या तुकड्याबरोबर खर्च, झीज आणि आणखी एक सांधा येतो.

या सगळ्यात मला सगळ्यात जास्त हलवून जाते ती इजेक्टर पिनांची गोष्ट. साचा उघडला की निवलेला भाग बाहेर ढकलायला पोलादाच्या गोल दांड्या लागतात, आणि त्या प्रत्येकीचा वर्तुळाकार डाग भागावर राहतो. डाग टाळता येत नाही. तो कुठे पडू द्यायचा एवढंच ठरवता येतं. म्हणजे साचा आखणाऱ्याला, अजून न जन्मलेल्या विमानाचा प्रत्येक भाग मनात जोडून, रंगवून, कपाटात ठेवून बघावा लागतो. कुठली बाजू आत झाकली जाणार? वैमानिकाच्या खुर्चीची पाठ दिसणार की पोट? चाकाच्या दाराची आतली बाजू कुणी वाकून बघेल का? अनोळखी माणसाच्या नजरेचा इतका बारीक विचार कुणी करतं, आणि तो नीट केला असेल तर त्या माणसाला ते कधी कळतच नाही. खुर्चीच्या दर्शनी भागावर डाग दिसला की आम्ही चिडतो. झाकल्या गेलेल्या शंभर डागांसाठी कधी कुणाचे आभार मानल्याचं मला आठवत नाही.

मापाचाही असाच एक समजूतदारपणा आहे. १/७२ मध्ये ०.२ मिलिमीटरची रेष म्हणजे खऱ्या विमानावर चौदा मिलिमीटरची फट, बोट जाईल एवढी. खरोखरीचा सांधा मापात उतरवला तर रंगाच्या पहिल्याच हाताखाली बुजेल. म्हणून सांधा जाड करावा लागतो, पंखाची मागची कड जाड ठेवावी लागते, आणि तरीही एकूण चेहरा खरा वाटायला हवा. त्यासाठी आधी खरं काय आहे ते पूर्ण माहीत असावं लागतं. तामिया या किट कंपनीने १९७६ च्या १/१२ मापाच्या पोर्शे ९३४ च्या किटसाठी, ती जिच्यावर बेतलेली आहे ती पोर्शे ९११ गाडी चक्क विकत घेतली आणि तिचे भाग सुटे करून पाहिले. मला हे वेड फार जवळचं वाटतं. खोटं कुठे आणि किती घालायचं हे ठरवायला त्यांनी अख्खी खरी गाडी उलगडून बघितली.

इतकं सगळं झाल्यावर प्रत्यक्ष भाग तयार व्हायला लागतात काही सेकंद. दोनशे-सव्वादोनशे अंशांना वितळलेलं प्लॅस्टिक प्रचंड दाबाने रनरमधून, म्हणजे साच्यातल्या वाटांमधून, धावत सुटतं आणि क्षणात पंख भरतो. आधी तिथे असलेल्या हवेलाही बाहेर पडायला वाट ठेवावी लागते, हवा जाईल पण प्लॅस्टिक जाणार नाही इतकी उथळ. ती ठेवायला विसरलं तर कोंडलेली हवा दाबाने तापते आणि टोक करपतं. मग निवणं, उघडणं, ढकलणं, पुन्हा मिटणं. मिनिटाला एक-दोन वेळा, तास न् तास, वर्षानुवर्षं.

'साचेबंद' हा शब्द आपण किती सहज वाईट अर्थाने वापरतो. लेखन साचेबंद, भाषण साचेबंद, माणसं एका साच्यातली. खुद्द साच्याकडे बघितलं की तो शब्द मला रुचत नाही. त्यातून निघणारं सगळं एकसारखं असेल, पण साचा स्वतः एकटाच असतो. त्याच्यासारखा दुसरा नसतो आणि त्याला चरित्र असतं. ब्रिटनमध्ये १९३६ साली फ्रॉग या नावाने प्लॅस्टिकची १/७२ मापाची विमानं निघाली, पेंग्विन या मालिकेत. पुढे युद्धानंतर त्याच नावाने पॉलिस्टायरीनची किटं आली, आणि सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात तो कारभार आटोपला तेव्हा बरेचसे साचे सोव्हिएत संघात गेले. त्यांतली विमानं नोवो या नावाने विकली गेली. जर्मनी-जपानसारख्या अक्ष राष्ट्रांच्या विमानांचे साचे मात्र तिकडे नको होते. ते रेव्हेल या दुसऱ्या किट कंपनीकडे गेले. बरोबरीने घडलेले साचे, आणि युद्ध संपून तीस वर्षं झाल्यावर पोलादाच्या ठोकळ्यांची पुन्हा दोस्त आणि शत्रू अशी वाटणी. प्रवासात, गोदामात, नव्या हातांत साचे झिजतात, त्यांच्या कडा बोथटतात, ओरखडे पडतात. माझ्या पंखाचा साचाही असाच कुठे कुठे फिरला असणार.

टूलरूममधली एक गोष्ट मी इतके दिवस विसरले होते, ती त्या दुसऱ्या डब्याने वर आणली. मामाच्या टेबलापाशी पितळेच्या चपट्या सळया टांगलेल्या असत. प्रेसवर, म्हणजे साच्यात प्लॅस्टिक भरणाऱ्या यंत्रावर, काम करणाऱ्या प्रत्येकाने त्याच वापरायच्या, अशी सक्त ताकीद. "साच्यात पितळ जाईल, पोलाद जाणार नाही." निवलेला भाग आकसून पिनांच्या बाजूच्या अर्ध्याला धरून राहावा अशी योजना असते. पण कधी उतार कमी पडतो, कधी पोलादाला पॉलिश कमी पडतं, आणि भाग समोरच्या अर्ध्यात अडकतो. तिथे ढकलायला पिना नसतात. मग हाताने उपसायचा. पितळ मऊ, घसरलं तर स्वतः वाकतं. त्या दिवशी एका पोरगेल्या ऑपरेटरने स्क्रू-ड्रायव्हर घातला होता. तो साच्याजवळ उभा होता, चेहरा पांढराफटक. मामाने टॉर्च मारून बघितलं, काही बोलला नाही. मग दोन दिवस दगड आणि हिऱ्याची पेस्ट घेऊन बसला. ओरखडा भरून काढता येत नाही. भोवतालची सगळी पातळी ओरखड्याच्या तळापर्यंत हळूहळू उतरवावी लागते. झाकणाचा साचा होता, सपाट, म्हणून जमलं. पंखावर ते कसं जमणार? पातळी उतरवली की कोरलेल्या सगळ्या सांध्यांच्या रेषाही पुसल्या जाणार. तिथे एक ओरखडा राहू देणं हेच शहाणपण.

गेल्या आठवड्यात भाची आली तेव्हा दुसरा पंख तिच्यापुढे ठेवला. तेलाचा हात फिरवून त्यावर एपॉक्सी पुट्टी दाबली आणि रात्रभर ठेवली. सकाळी अलगद सोडवली, तर पोलादाचा तो तुकडा जसा असेल तसा हातात आला: उलटा, सांध्यांच्या रेषा खोल, आणि त्यांना छेदून जाणारी ती एक. भिंगातून पाहिलं. सांध्यांच्या खाचा स्वच्छ होत्या, कडा सरळ. तिथला धातू कटरने कापून बाहेर काढलेला. या खाचेच्या दोन्ही बाजूंना मात्र बारीक वरंबे होते. इथून धातू कुणी कापून काढला नव्हता, दाबून बाजूला सारला होता. खाच कडेशी सगळ्यात रुंद आणि खोल होती, आत जाताना निमुळती होत गेलेली. कोरणाऱ्याचा हात चुकला नव्हता. प्रेसपाशी उभ्या असलेल्या कुणीतरी, अडकलेल्या पंखाच्या कडेखाली पोलादाचं काहीतरी घातलं होतं आणि ते घसरलं होतं.

भाचीला मी सगळं सांगितलं, पितळेच्या सळया, तो मुलगा, मामा. ती बराच वेळ पुट्टीचा तुकडा तसाच तिरका धरून बघत राहिली. मग करंगळीचं नख कडेशी खाचेत ठेवलं आणि हळूच आत नेलं. खाच विरली तिथे नख थांबलं.

"इथे त्याला कळलं," ती म्हणाली.